चार हातमोजे, साठ तोंडं

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी पावणेसात.

बेसिनपाशी हात धूत होतो. साबणावर केस! कुरळा, म्हणजे दादाचा. साबण धुतला, मग त्या साबणाने हात धुतले, मग नळ धुतला. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "भाऊजी, आज नदी आटवूनच कामाला जाणार का?"

ती आज फार खुशीत आहे. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे पाहुणे जेवायला होते. जेवणाआधी त्यांच्यापुढे ठेवायला वहिनीने चीजचे गोळे करून दिले. त्या पाहुण्यांत क्लबचा मॅनेजर होता. त्याने म्हणे एकट्याने अकरा खाल्ले. अकरा! शी! आणि काल त्याचा निरोप आला — येत्या पंधराला, शनिवारी, क्लबात साठ माणसांचं जेवण आहे. जेवण क्लबचा आचारी करणार. पण त्याआधी तासभर लोक हातात पेले घेऊन उभ्याउभ्या बोलत असतात. तेव्हा फिरवायचं खाणं वहिनीचं. आवडलं तर दर शनिवारी.

दर शनिवारी म्हणजे वहिनीची लाँड्री सुटली. तिथे ती हॉस्पिटलच्या चादरी धुते. दिवसभर हात सोड्याच्या पाण्यात. कातडी सोललेली, पेरांवर चिरा. झोपताना हातांना तेल लावून वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधते.

आणि त्याच हातांनी गोळे वळते. मला वाईट वाटतं. किळसही येते. दोन्ही खरं आहे. इथे तरी खरं लिहावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाजीत पांढरा पापुद्रा दिसला. कांद्याचा होता. तरी ताट सारलं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज तालीम झाली. वहिनीने तीन पदार्थ ठरवलेत. चीजचे गोळे — उकडलेला बटाटा, किसलेलं चीज, मिरपूड, वरून पावाचा चुरा, आणि तळायचे. अर्धी उकडलेली अंडी — पिवळं काढून लोण्यात फेटायचं आणि परत भरायचं. आणि काकडीच्या चकत्यांवर घट्ट दही, वर पुदिन्याचं एकेक पान. सगळं एका घासाचं. वहिनी म्हणते, "दोनदा तोंड उघडावं लागलं तर ते जेवण झालं. आपल्याला भूक चाळवायचीय, भागवायची नाही. नाहीतर तो आचारी माझ्या नावाने बोटं मोडेल."

चवीला दादा बसला. दादा बस डेपोत मेकॅनिक. नखांत कायमचं काळं ग्रीस. त्याने गोळा उचलला, अर्धा खाल्ला, बोट चाटलं आणि तेच बोट अंड्याच्या वाटीत! ओकारी आली मला.

"काय झालं? घरचंच तोंड आहे," तो म्हणाला.

"घरच्या तोंडात काय फुलं उमलतात?"

"तू ना, हॉस्पिटलातच जन्मलास आणि तिथेच राहिलास."

दोघं हसली. मग मी बोलून गेलो. वहिनी, तुझ्या हातांचं काहीतरी करायला हवं, लोकांच्या तोंडात जाणार आहे हे.

दादाचं हसू थांबलं. वहिनीने हात उलटेसुलटे करून पाहिले. जणू दुसऱ्या कुणाचे, चुकून आपल्या मनगटांना आले. मग म्हणाली, "बरं. काय करू, सांगा."

रागावली असती तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानातून हातमोजे आणले. (मी औषधांच्या दुकानात आहे. गोळ्या मोजतो, पुड्यांवर नावं लिहितो. शाळा नववीत सुटली, पण माझ्या हातचं एकही नाव अजून चुकलेलं नाही.) पांढरे, पातळ, रबराचे. दोन जोड. एक वहिनीला, एक मला. मीही गोळे वळणार आहे. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

दादा म्हणाला, "बटाट्याचं ऑपरेशन आहे की काय?"

वहिनीने घालून पाहिला. चिरांवर रबर अडकत होतं. ओठ दाबून ओढला, पण घातला. मी तिला नखं कापायला सांगितलं. तिने कापली आणि नेलकटर पुढे केलं — "तुम्हाला? छे, भाऊजींना कुठे लागतं हे!" खरंच आहे. मी नखं वाढूच देत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज एका गिऱ्हाइकाने नाणं दातांत धरलं होतं. ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ओलं! जेवणाची सुट्टी हात धुण्यातच गेली.

वहिनीने शनिवारची रजा मागितली. मुकादमीण म्हणाली, "पार्टीवाली झालीस होय गं? परत आलीस तर सोड्याच्या हौदावर उभी करीन. सगळ्यात शेवटच्या, सोडा सगळ्यात कडक असतो त्या." वहिनीने तिची हुबेहूब नक्कल करून दाखवली. दादा इतका हसला की चहा नाकातून आला. शी शी शी!

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी दोन.

पहाटेपासून वळतोय. टेबल सोड्याने पुसलं, डोक्याला फडकी बांधली, दादाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बटाटा रबराला चिकटतो. पांढऱ्यावर पांढरा, हातमोजा कुठे संपतो आणि बटाटा कुठे सुरू होतो ते कळत नाही. वहिनीचे गोळे एकसारखे, जणू साच्यातले. माझे कुठे चपटे, कुठे फुगीर.

मध्ये मला काळजीने घेरलं. आचारी चिडला तर? गोळे फुटले तर? मीठ? मी नुसताच उभा राहिलो असणार, कारण वहिनी म्हणाली, "भाऊजी, तोंड थांबवा आणि हात चालवा!" मी तर एक शब्द बोललो नव्हतो.

तळून झालं. क्लबातल्या भट्टीत फक्त गरम करायचं. हातमोजे कचऱ्यात टाकणार होतो, पण उघड्या बादलीत तसलं काही टाकणं बरं नाही. चारही कागदात गुंडाळून पिशवीत घेतलेत. तिकडे झाकणाची बादली असेल.

वहिनीने निळी साडी काढलीय. हात पदराखाली धरून बसलीय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहितो. क्रमाने.

सात वाजता ट्रे फिरायला लागले. मी आणि वहिनी क्लबच्या भांडारघरात, दाराच्या फटीतून बघत होतो. माणसं इतक्या जवळून खाताना मी कधी पाहिली नव्हती. देवा! एक जाडा गृहस्थ एका हाताने खात होता आणि दुसऱ्याने दुसरा ट्रे अडवत होता. एका बाईने अंड्यातलं पिवळं जिभेने काढून पांढरं परत ट्रेमध्ये ठेवलं! मिशीला दही. ओठांवर चुरा. बोलताना तोंडात दिसणारा लगदा. आणि सगळे म्हणत होते, "कुणी केलंय हे? अहो, इकडे आणा!"

वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "भाऊजी, ऐकताय ना? ऐकताय ना?"

मॅनेजर आत आला. बोटं चाटतच. "बाई, पुढच्या शनिवारी ऐंशी माणसं आहेत. जमेल?" वहिनीने होकाराची मान हलवली.

मला वाटलं, आता ते हातमोजे टाकून द्यावेत. कागद उघडला. सवयीने एकेक पाहिला. चौथ्याला अंगठ्याचं टोक नव्हतं.

फाटलेलं नव्हतं. नव्हतंच! नखाएवढा तुकडा, पांढरा. बटाट्यात मिसळला तर दिसणारही नाही असा.

वहिनीची बोटं. त्या चिरा. रबर अडकत होतं, मी स्वतः पाहिलं होतं. मी बाहेर पाहिलं. साठ तोंडं चावत होती. कुठलंही एक तोंड आता थांबेल, कुणीतरी दोन बोटं घालून ते बाहेर ओढेल — किंवा ओढणार नाही, गिळेल. नाहीतर घशात अडकेल. मी मॅनेजरची बाही धरली.

"ट्रे परत घ्या. वहिनीच्या हातमोज्याचं टोक त्यात गेलंय."

मी मोठ्याने बोललो असणार. दार उघडं होतं.

पुढचं लिहायला नको वाटतं. एक बाई रुमालात थुंकली. मग दुसरी. तो जाडा गृहस्थ कोपऱ्यात जाऊन घशात बोटं घालू लागला. "वाहवा" म्हणत होती तीच तोंडं! वाढप्यांनी उरलेले गोळे आत आणले. मी, वहिनी आणि क्लबचा आचारी, तिघांनी सुरीने प्रत्येक गोळा कापून पाहिला. आचारी म्हातारा आहे. एक तुकडा तोंडात टाकून हळूच म्हणाला, "गोळा झकास आहे गं पोरी." टोक मिळालं नाही.

मॅनेजर म्हणाला, "मिळालं नाही म्हणजे कुणाच्या तरी पोटात आहे. बाई, हात दाखवा तुमचे."

वहिनीने पदराखालून हात काढले. त्याने पाहिले आणि नाक मुरडलं. "या हातांनी?" एवढंच म्हणाला. पुरेसं होतं.

घरी येताना तिने रिकामे डबे मला धरू दिले नाहीत. जिन्यात थांबून म्हणाली, "सांगितलंत ते बरोबर केलंत. कुणाच्या घशात गेलं असतं तर? मला आधी कळलं असतं तर मीच सांगितलं असतं. माझीच बोटं खरबरीत." मग दोन पायऱ्या चढून गेल्यावर — "पण 'वहिनीच्या' कशाला म्हणालात? 'आमच्या' म्हणाला असतात तर चाललं नसतं?"

मी म्हणालो, जे खरं ते बोललो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वहिनी सहाला लाँड्रीत गेली. मुकादमिणीने शब्द पाळला. हौदावर उभं केलंय.

दादा माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्यासमोर चहा ठेवला तर म्हणाला, "धुतलास का कप? नीट बघ. कुणाचं तोंड लागलं असेल."

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅनेजर आज दुकानात आला होता, पित्ताच्या गोळ्या घ्यायला. मला ओळखलं. ओळख दिली नाही. पाकिटातली नोट काढताना बोटाला थुंकी लावली. आणि हा माणूस वहिनीच्या हातांना नाक मुरडतो! तरी मी काही चुकीचं केलं नाही. रोज तपासून पाहतो. नाही चुकलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सोड्याने चिरा उघड्या पडल्या. वहिनीच्या सहा बोटांना पट्ट्या आहेत. घास धरता येत नाही, चमच्याने जेवते. दादा तिला काकडी कापून देत होता, एकेक चकती तोंडात. ती म्हणाली, "अहो, वर पुदिना विसरलात." दादा हसला नाही. मी उठून गेलो.

आजपासून भांडी मी घासणार. हातमोजे घालून. नवा जोड आणला.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी सव्वासात.

वहिनीला यायला उशीर झाला. रोज साडेपाचला येते. सहा वाजले, साडेसहा. दादा लाँड्रीकडे बघायला गेला. मी भांडी अर्धी टाकून खिडकीशी उभा. हौदाची कड निसरडी असते. तिला चक्कर आली असेल? पट्टीत सोडा गेला असेल? पडली असेल?

मग ती दोघं वळणावर दिसली. चालत होती. दादाच्या हातात तिची पिशवी. मी श्वास सोडला, तेव्हा जिभेवर काहीतरी लागलं. चिवट. चव रबराची.

थुंकलो. तळहातावर पडलं. पांढरं, पातळ, नखाएवढं. उजवा हातमोजा पाहिला. अंगठ्याचं टोक नव्हतं. आत माझा अंगठा, लाळेने ओला.

त्या दिवशीही मी असाच उभा होतो. "तोंड थांबवा," ती म्हणाली होती. मग त्याच अंगठ्याने मी उरलेले सगळे गोळे वळले.

जिन्यावर पावलं वाजताहेत.

बटाटे, चीज, अंडी, लोणी, काकड्या, दही, तेल — वहिनीने घातलेले एक हजार सहाशे दहा रुपये. ते मी देणं लागतो. हातमोजे, तीन जोड — तो खर्च माझा, माझ्याकडेच.

आत्ता दार उघडल्यावर तिला सांगायचं. उद्या मॅनेजरला, तितक्याच मोठ्याने. क्लब दहाला उघडतो.