दोन्ही एकदम वाढवून

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८
वालीवच्या कारखान्यात आज पुन्हा झाकणांना चिरा! तेलाच्या बाटलीची साधी प्लास्टिकची झाकणं, पण माझ्या मशीनवरची टोपलीभर नापास. साच्यात जाणाऱ्या प्लास्टिकचं तापमान वाढवलं—चिरा गेल्या, पण झाकणं वाकडी. नापास उलट वाढली. परत खाली आणलं. सुपरवायझर सदानंद सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉलेज अर्धवट, आता कामपण अर्धवट." मीही नको ते बोललो. दहा दिवसांत सुधारलं नाही तर घरी बस म्हणतो.
घरी बसलो तर कॅथरिन दिसणार कुठे? क्वालिटीच्या टेबलावर बसून माझीच झाकणं नापास करते, तरी नजर तिकडेच जाते.

मंगळवार, १०
तापमान जुनंच ठेवून साचा थंड करायचा वेळ वाढवला. चिरा तशाच. म्हणजे दोन्ही उपाय फुकट. विषय संपला.

बुधवार, ११
डबा खाताना कॅथरिन पापडी गावातल्या तिच्या घराबद्दल, केळीच्या वाडीबद्दल सांगत होती. केळ्यांचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला तिच्या पप्पांनी वाडीबाहेर हाकललं म्हणे—टोपलीसकट. ती हसत होती, मला घाम. एक भडकू मी, दुसरे ते. समोरासमोर आलो तर काय होईल, ती बेरीज कुणीही करेल.

रविवार, १५
आमची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आज कामावरच. कॅथरिन म्हणाली, "दोन्ही एकदम वाढवून कुठे बघितलंस?" मी तडकलो. एकेक करून जमलं नाही, तर एकत्र करून दुप्पट वाट लागेल! ती शांतच. "ही बेरीज नाहीये, सुमेध. एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर?"
सदानंदकडून मशीन तिनेच मागून घेतलं, स्वतःच्या जबाबदारीवर. माझ्यासाठी! (की झाकणांसाठी. असो.)

मंगळवार, १७
तापमान कमी-जास्त, वेळ कमी-जास्त, अशा चारही जोड्या करून बघितल्या. शेवटची—तापमान जास्त, थंड व्हायला वेळही जास्त—चिरा नाहीत, वाकडेपणा नाही!!
आलेख काढला. दोन रेघा एकाच जागेवरून निघतात. वेळ कमी असेल तर तापमानाबरोबर नापास वर चढतात, वेळ जास्त असेल तर खाली उतरतात. म्हणजे तापमान वाढवणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच चुकला. वेळ किती देताय, ते आधी सांगा! कॉलेजात हे फळ्यावर होतं बहुतेक. मी खिडकीबाहेर बघत असणार.

बुधवार, १८
नोकरी राहिली. सदानंदने नवं सेटिंग भिंतीवर चिकटवलं, खाली स्वतःचं नाव. गप्प बसलो. कॅथरिनने बघितलं.

गुरुवार, १९
सुटताना तिला पप्पांची आणि माझी ती बेरीज सांगून टाकली. ती म्हणाली, "तुम्हा दोघांना मी वेगवेगळंच बघितलंय. उद्या सुट्टी आहे. घरी ये."