साडूच्या नाकावर टिच्चून घेतलेलं घड्याळ

३ जून, शनिवार

लिलावात घड्याळ घेतलं. भिंतीवरचं, लाकडी पेटीचं, लंबकवालं. खरं तर बघायलाच गेलो होतो. पण पलीकडच्या रांगेत साडूने हात वर केला. हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जुन्या वस्तूंमधलं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. मग मीही हात वर केला आणि खाली घेतलाच नाही. शेवटी त्याने माघार घेतली. हसत होता. हरलेली माणसं अशीच हसतात.

कॅटलॉगमध्ये ‘काळ अनिश्चित’ असं छापलंय. म्हणजे अठरावं शतक. उघड बोलायची छाती नाही यांना.

४ जून, सकाळ

संकल्प: रोज चहाच्या आधी संशोधन. आज चहा आधी झाला. उद्यापासून.

बायकोने विचारलं, चालतं का. म्हटलं, संशोधकाच्या दृष्टीने हा प्रश्न गौण आहे. ती म्हणाली, मग वेळ मोबाईलवरच बघू ना.

७ जून

मोठा शोध. तबकडीवर रोमन चार चुकीचा आहे. चार उभ्या काड्या ओढल्यात. असा चुकलेला नग जगात एकच असणार. साडूला मुद्दाम फोन केला. जळू दे.

तो म्हणाला, स्टेशनवरचं घड्याळ बघून ये.

८ जून

गेलो. चार काड्या. दवाखान्यातल्या जुन्या घड्याळावरही चार काड्या. एवढ्या लोकांनी नक्कल केली, म्हणजे मूळ कोणतं ते सांगायला नको. पण फोन केला नाही. माझ्या तोंडी लागायची त्याची लायकी नाही.

११ जून, रविवार

मागची फळी काढली. यंत्राच्या आजूबाजूला जुनी भोकं, भुसा भरून बुजवलेली. कुजकट माणूस म्हणेल, यंत्र एका घड्याळाचं आणि पेटी दुसऱ्याची. म्हणूनच साडूला सांगणार नाही. माझं मत: हे जहाजावरचं घड्याळ. वादळात निखळायचं, पुन्हा ठोकायचे. कप्तानाच्या केबिनमधलं असणार. कप्तान साधंसुधं घड्याळ घेईलच कशाला.

जेवताना बायकोला सांगितलं. तिने विचारलं, जहाज हललं की लंबकाचं काय होतं. मी म्हटलं, तू कधी समुद्रात गेली आहेस का. ती म्हणाली, तुम्ही गेला आहात का. ताट तसंच ठेवून उठलो. नंतर भूक लागली, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

१७ जून, शनिवार

संग्राहक मंडळात माझं व्याख्यान. विषय: ‘कप्तानाचं घड्याळ’. सुरुवात जोरदार. मग अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, डुलत्या जहाजावर लंबक चालायचा कसा. हॉलभर हशा. साडू मात्र हसला नाही. उठून म्हणाला, जहाज बंदरात उभं असताना चालत असेल. माझी बाजू घेतो. केवढा हा अपमान.

प्रश्न शब्दशः बायकोचा होता. म्हणजे घरातूनच फितुरी. तीही ऐकायला आली होती; परतताना रिक्षातच तिला सुनावलं. तिने सांगितलं, मी कुणाशी बोलले नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. मी म्हटलं, तुझ्या माहेरच्या माणसांना माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही.

घरी पोचल्यावर तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

१८ जून

बायको बहिणीकडे गेली. म्हणजे साडूच्याच घरी. कट सिद्ध झाला.

स्वयंपाक मला उत्तम येतो. पातेलं भिजत घातलंय.

२२ जून

पातेलं टाकून दिलं.

घर फार शांत. घड्याळाला किल्ली दिली. थोडं टिकटिकलं आणि थांबलं. त्यालाही तिने काहीतरी सांगून ठेवलंय असं वाटून गेलं. हा विचार शास्त्रीय नाही.

२४ जून

निर्णय: घड्याळ परत लिलावात द्यायचं. जाणकार तुटून पडतील. बायको पेपरात वाचेल. मग येईल. मग मी लगेच बोलणार नाही.

१ जुलै, शनिवार

माझं घड्याळ पुकारलं. कुणी हात वर करेना. लिलाववाल्याने पुन्हा विचारलं. कुणीतरी खोकलं. मी कॅटलॉग चाळायला लागलो. तेवढ्यात मागून एक हात वर झाला. साडूचा.

त्याच्या घरी हे घड्याळ? माझा हात आपोआप वर गेला. त्याने आपला लगेच खाली घेतला. लिलाववाल्याने हातोडी आपटली, मग कागद बघून म्हणाला, हे तुमचंच आहे, मालकाने बोली लावायची नसते. सगळ्यांनी वळून पाहिलं.

बाहेर बायको उभी होती. म्हणाली, मीच पाठवलं त्यांना. कुणीच घेतलं नसतं तर तुम्ही घरी जाऊन एकटेच तोंड पाडून बसला असता, आणि मला तिकडे घास गिळला नसता.

यावर माझ्याकडे सडेतोड उत्तर होतं. ते राखून ठेवून तिच्यासाठी रिक्षा थांबवली.

२ जुलै, रविवार

साडूने गाडीतून माझं न विकलेलं घड्याळ आणून दिलं. जिन्यात एक बाजू त्याने धरली, एक मी. त्याची बाजू जड होती. एरवी हे लिहिलं नसतं.

बायकोही आली, पण बॅग दाराशीच ठेवलीय. मी म्हटलं, झालं गेलं विसरून मी तुला माफ करतो. तिने बॅग उचलली. मग म्हटलं, चुकलं माझं. तिने खाली ठेवली. आत मात्र नेली नाही.

दोघं हॉलमध्ये बसलेत. चहा मी करतोय. साखर सापडत नाही. विचारणार नाही. मरेन, पण साडूसमोर विचारणार नाही.

विचारलं. डबा हाताशीच होता.