शेवटून पहिली

शनिवार, ७ सप्टेंबर

आज धावेत बायकांत दुसरी आले! क्लबची हिरवी जर्सी घालून, पार जीव काढून. आणि माझ्या नवऱ्याने, क्लाइव्हने, पाहिलंसुद्धा नाही. कसा पाहणार? तो तळ्याच्या पलीकडे होता – त्या रोझलिंडबरोबर.

गुडघा दुखावल्यापासून शनिवारच्या धावेत तो 'शेपूट' असतो. नारिंगी जाकीट घालून सगळ्यांच्या मागून चालायचं. शेवटचा नंबर शेपटाचा ठरलेला, त्यामुळे दुसऱ्या कुणाला आपण शेवटचे असं वाटत नाही. मीच सुचवलं होतं – घरात कुढत बसण्यापेक्षा बरं! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

त्याच्या पुढ्यात नेहमी रोझलिंड. नवरा गेला मागच्या वर्षी, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चालते कसली, रेंगाळते. माझा चहा संपतो, घाम वाळतो, तेव्हा कुठे ही दोघं वळणावरून हसत हसत येतात. सगळे टाळ्या वाजवतात. मला एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नाहीत.

शनिवार, १४ सप्टेंबर

तिने लिंबाचा केक आणला. 'क्लाइव्हला आवडतो ना!'

त्याला लिंबाचा केक आवडतो? एवढी वर्षं संसार केला, मला पत्ता नाही!

मंगळवार, १७ सप्टेंबर

क्लबचा सराव, चर्चमागच्या चढावर. बेव्ह सगळ्यांसमोर म्हणाली, 'हेदर, तुझा नवरा हल्ली अगदी खुलून दिसतो गं. शेपूट होणं मानवलंय त्याला!' सगळ्या हसल्या. मीही हसले. आतून नुसता जळफळाट. चढ मात्र सगळ्यांच्या आधी चढले.

शनिवार, २१ सप्टेंबर

गाडीत विचारलंच. 'काय बोलता रे एवढं तुम्ही दोघं?'

'काही नाही गं. बदकं. तिचं छप्पर गळतंय.'

बदकं! आमच्याही घरावरून रोज बदकं जातात. कधी बोलला नाही त्यांच्याबद्दल.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सुचलं! शेपटाने शेवटच्या माणसाबरोबर चालायचं असतं. नियमच आहे. मग शेवटची मीच येणार! क्लाइव्हला सांगितलं, पोटरी धरलीय. म्हणाला, 'मग घरी राहा की.'

राहते बरी!

शनिवार, ५ ऑक्टोबर

लिहितानाही लाज वाटते, पण लिहिते.

सुरुवातीपासून चाललेच. रोझलिंड पुढे, मी आणि क्लाइव्ह मागे. छान जमलं होतं. तेवढ्यात ती बुटाची नाडी बांधायला बसली. आम्ही पुढे गेलो की ती शेवटची – आणि तो तिच्याकडे! मीही बसले. माझ्याही नाडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ती उठेना, मी उठेना. वर भुरभुर पाऊस.

'हेदर, तू हो ना पुढे,' ती म्हणाली.

'छे छे, आधी तू.'

'अगं, तुझी पोटरी दुखतेय.'

'तुला दम लागलाय.'

क्लाइव्ह मागे उभा. 'बायांनो, कुणीतरी हला! मला कुणाच्या पुढे जाता येत नाही, आणि चहा प्यायचाय मला!'

ती हसायला लागली. अगदी मोकळी. तोही हसला. मला हसू येईना. शेवटच्या रेषेवर वेळ नोंदवणारे कुडकुडत उभे होते आणि आम्ही दोघी रेषेपाशीसुद्धा एकमेकींना वाट देतोय! शेवटी बेव्ह ओरडली, 'हेदर, आयुष्यात पहिल्यांदाच तुला हरायची घाई झालेली बघतेय!' मग रोझलिंडनेच मला हळूच पुढे ढकललं. म्हणजे आजही शेवटची तीच. टाळ्या तिलाच.

शनिवार, १२ ऑक्टोबर

रोझलिंड जाणार! समुद्रकाठी बहिणीकडे, कायमची. आज तिने सगळ्यांना केक वाटला. मला मिठी मारली. 'त्याला चालायला लाव हं,' म्हणाली. मला एवढा आनंद झाला की स्वतःचीच भीती वाटली.

क्लाइव्हला म्हटलं, 'एकदम कसं ठरलं रे तिचं?'

'एकदम कुठे? उन्हाळ्यापासून ठरत होतं.'

बदकं म्हणे!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

लिंबाचा केक केला. मधोमध खाली बसला. क्लाइव्हने एक तुकडा खाल्ला. 'छान झालाय,' म्हणाला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज शेवटची मीच. नाडी सोडावी लागली नाही. क्लाइव्ह पूर्ण वेळ माझ्या शेजारून चालला. तळ्यात बदकं होती. मी म्हटलं, 'बघ, बदकं.' 'हं,' म्हणाला.

शेपटाच्या मागे कुणीच नसतं. तरी प्रत्येक वळणावर तो थांबून मागे बघत होता.