बाबांचं मशीन आणि तुझी शेगडी

प्रिय लायल,

आमिषाच्या माशांची तुझी बादली काल माझ्या कोठारात सापडली, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. बर्फ वितळल्यावर वासाच्या मागावर गेले, तर ती बाबांच्या पिनबॉल मशीनखालीच होती. त्या माशांचं काय झालं होतं ते लिहीत नाही. मला अजून जेवण जात नाही.

बाबांचा तळ्याकाठचा बार विकला तेव्हा आपलं ठरलं होतं, की मशीन हिवाळाभर माझ्याकडे ठेवायचं आणि मे महिन्यात वृद्धाश्रमाच्या जेवणघरात बाबांसमोर मांडायचं. ऑक्टोबरमध्ये बाबांनी स्वतः खुर्चीत बसून मला सगळं करायला लावलं. पाय काढले, खेळायच्या पाचही पोलादी गोळ्या पुसून फडक्यात बांधल्या, खाली लाकडी ठोकळे दिले, वरून जुनी चादर घातली. प्लास्टिक नाही, आत ओल कोंडते. मग दार बंद. तळ्याकाठी त्यांनी जन्मभर तेच केलं. कडाक्याच्या थंडीनं मशीनला काही होत नाही, मध्येच ऊब दिली की गार लोखंडाला घाम फुटतो. लहानपणी तूच माझ्यावर खेकसायचास, "दार लाव मर्ना, ऊब आत शिरेल!"

मी ॲरिझोनात लेकीकडे होते तेव्हा तू काय केलंस ते शेजारच्या गॉर्डीनं सांगितलं. "दर शनिवारी घंटा वाजायच्या. मला वाटलं, म्हातारपणी तुला खेळायचं खूळ लागलं!" मासे धरून झाले की तू आणि तुझे दोस्त कोठारात येत होतात. पाय परत जोडलेत, गॅसची शेगडी पेटवलीत, बिअर ढोसलीत आणि शेगडी विझवून चालते झालात. पुन्हा पुढच्या शनिवारी तेच.

आता ऐक. खेळाच्या फळीवरचा प्रत्येक खिळा गंजलाय. सांडलेल्या बिअरवर बुरशी आलीय. तुमच्या सूर्यफुलाच्या बियांवर उंदीर पोसले. त्यांनी तारा कुरतडून पेटीत घरटं केलं, आणि ते मी हातमोजे घालून उपसलं. वरच्या काचेवर पाण्यात सूर मारणारी पोरगी रंगवलेली होती ना, जिला बाबा 'आपली डॉरिस' म्हणायचे? सारख्या गरम-गारानं रंगाचे पापुद्रे सुटले. डॉरिसला आता तोंड नाही.

पण किळस मला याची नाही आली, लायल. फोनवर दर वेळी तू म्हणालास, "रस्ते भारी घसरडे आहेत गं, बाबांकडे जाववत नाही." आश्रम माझ्या कोठाराच्या अलीकडे आहे. त्यांच्या खिडकीवरूनच तू तळ्याच्या बर्फाला भोकं पाडून मासे धरायला जात होतास.

काल बाबांना कोठारात आणलं. लपवून काय करणार होते? त्यांनी गंजावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "शेगडी कुणी पेटवली?" मी तुझं नाव घेतलं. मला वाटलं, आता तरी संतापतील. तर म्हणतात, "लायल्या आला होता? मग जिंकला का?" मी म्हटलं, "बाबा, त्यानं वाट लावलीय!" त्यावर, "ते दिसतंय मला. जिंकला का विचारतोय."

त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे. ते तू द्यायचंस, आणि फोनवर नाही. म्हणून मशीन तुझ्याकडे पाठवतेय. मे महिन्यात ते जेवणघरात वाजलं पाहिजे, डॉरिसला तोंड असो वा नसो. सध्या ते वाजणार नाही, का ते खाली वाच.

तुझीच,
मर्ना

ता. क. गॉर्डीच्या ट्रकमध्ये चढवून दिलं: मशीन, त्याचे चार पाय, चादर, तुझी शेगडी, बादली (धुतलेली नाही) आणि फडक्यात चार गोळ्या. पाचवी, जिच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही, ती बाबांनी खिशात घातलीय, माझ्याकडे देत नाहीत. "त्याला लागेल तेव्हा येईल न्यायला माझ्याकडे" म्हणाले.