नऊ नंबरची पेटी

३ मार्च, सोमवार

मान्यता गेली. संपलं!

प्राचार्य बाईंनी सगळ्यांना मोठ्या वर्गात बोलावलं. शिकवणारे, नर्सेस, माळी, झाडूवाल्या, मी. कागद वाचताना बाईंचा आवाज स्थिर होता, चष्मा मात्र तीनदा पुसला. शिक्षक कमी, खाटा कमी, हे कमी, ते कमी. यंदापासून नवी पोरं घ्यायची नाहीत, आहेत ती दुसऱ्या कॉलेजांत वाटून टाकायची. मागून कुणीतरी विचारलं, "आणि दवाखाना?" बाई म्हणाल्या, "कॉलेज होतं म्हणून दवाखाना होता."

आजूबाजूच्या साठ-सत्तर गावांना डॉक्टर पुरवणारं हे एकच कॉलेज. सरकारचं नाही, कुणा बड्या माणसाचंही नाही. मोठ्या डॉक्टरांनी एकट्याच्या जिवावर उभं केलं. आधी ते गेले, आता हे.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? माझ्या पेट्यांचं काय होणार! माणसं रडत होती आणि मी पेट्या मोजत होतो. लाज वाटली.

४ मार्च

दिवसभर हाडांच्या खोलीत. चाळीस पेट्या. एका पेटीत एका माणसाची सगळी हाडं. पहिल्या वर्षाच्या पोरांनी एकेक पेटी खोलीवर न्यायची, वर्षभर अभ्यास करायचा, परीक्षा झाली की आणून द्यायची. देणं-घेणं, मोजणं, पुसणं — तेवीस वर्षं हेच काम. ही म्हणते, "हाडांशी बोलता तेवढं माझ्याशी बोललात तर!"

नऊ नंबरच्या पेटीत बाबा आहेत. हिलाही सांगितलेलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहितोय.

बाबा या कॉलेजच्या गेटवर पहारेकरी होते. मेल्यावर देह कॉलेजला द्यायचा म्हणून हटून बसले. मला सही मागितली. मी म्हटलं, मरून जा पण सही देणार नाही! शेवटी शेजाऱ्याची सही घेतली. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही आणि मग ते गेलेच. ट्रंकेत त्यांचा एक जुना एक्स-रे सापडला. गळ्याखालचं आडवं हाड, उजवं, कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं. मला पत्ताच नव्हता! ती फिल्म मी घरच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली, चारी कोपऱ्यांना जाड पट्ट्या लावून. दोन वर्षांनी इथे कामाला लागलो आणि नऊ नंबरच्या उजव्या हाडावर तशीच गाठ दिसली. देह कुणाचा हे कुणालाच सांगायचं नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा नियम. मला सांगायची गरजच पडली नाही.

मोडलेला खांदा उजवा, आणि डब्याची पिशवी जन्मभर उजव्याच खांद्याला! कमालीचा हट्टी माणूस.

७ मार्च

एकतीस पेट्या आल्या. बाकीच्यांना निरोप धाडले.

बावीस नंबर "डावी-उजवी"कडे. दोनदा नापास झालेली ही मुलगी. हाड हातात दिलं की डावं की उजवं ते सांगता येत नाही, आधी स्वतःचे हात बघते! १२ तारखेला शेवटची परीक्षा, तोवर पेटी राहू दे म्हणाली. राहू दे म्हटलं.

बावीस नंबर असल्याच पोरांना मिळते. मीच देतो. जुनी पेटी, बिजागरी मोडलेली, दोन बरगड्या तुटक्या. हुशार पोरं नाक मुरडतात. नऊ नंबर मात्र दर वर्षी पहिल्या नंबराच्या पोरालाच. बाबांना निदान चांगले हात मिळावेत.

१० मार्च

डावी-उजवी शिकवणी मागायला आली. शिक्षक निम्मे निघून गेलेत, शिकवणार कोण? बसवली समोर. "गोल टोक आत, चपटं टोक बाहेर, खोबण खाली. म्हण." म्हणाली. गळ्याखालचं आडवं हाड हातात दिलं. हात बघितले. चुकली.

"काका, माझ्या पेटीतल्या डाव्याला गाठ आहे. पुस्तकात तशी नाहीये."

"माणसं पुस्तक वाचून मोडत नाहीत, बाळ."

हसली. मग एकदम रडायलाच लागली. तिच्या गावापासून दवाखाना चार तासांवर. "मी नापास झाले तर तिथे कोण जाणार?" मनात आलं, पास झालीस तरी पुढचं शिकायला दुसरीकडेच जाणार, आणि गेलेलं कुणी परत येत नाही. पाणी दिलं.

१४ मार्च

मोठ्या शहरातल्या कॉलेजचं पत्र. सामान नेणार. सूक्ष्मदर्शक, टेबलं, पेट्या. "अस्थिसंच — चाळीस नग."

नग!

१५ मार्च

झोप नाही, जेवण नाही. हिने दोनदा विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं. बाबाही असंच म्हणायचे.

१७ मार्च

शेवटचा समारंभ. जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. नऊ नंबरची माझी रत्नं — हृदयाचा मोठा सर्जन, मेंदूवाला, ती परदेशातली — एकही फिरकलं नाही. सर्जनसाहेबांची तार आली, तीही चिटणीसाच्या नावाने. आले कोण? नदीपलीकडच्या दवाखान्यातला जाड्या, खाणीजवळची बाई, गिरणीच्या वस्तीतला तोतरा. आणखी दोघे-तिघे. सगळे तीन-तीनदा परीक्षेला बसलेले, सगळे बावीस नंबरवाले! जाड्याने मिठी मारली. "काका, तुमची ती मोडकी पेटी आहे का अजून?" आहे म्हटलं, तुझ्यासारखीच एक घेऊन बसली आहे.

हसलो खरं. पण कॉलेज बंद पडल्यावर मिठ्या मारून काय होतंय.

१८ मार्च

डावी-उजवी पास! काठावर. नाव यादीत शेवटचं, पण आहे. पेटी काही आणली नाही. वसतिगृहातून सामान आवरून घरी गेली म्हणे. पेटीसकट!

२० मार्च

धीर करून प्राचार्य बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. बाबा, सही, एक्स-रे, नऊ नंबर. तेवीस वर्षांत बाईंसमोर पहिल्यांदा खुर्चीवर बसलो. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "यादीत एक पेटी मोडकी दाखवा. मी विचारणार नाही. मागच्या भिंतीलगत जागा आहे."

बाहेर आलो आणि थेट ती जागा बघायला गेलो.

२३ मार्च

सकाळी बाबांना मातीत ठेवलं.

माळ्याने खड्डा खणून दिला आणि न विचारता निघून गेला. मी एकेक हाड कापडावर मांडलं. डोक्यापासून पायापर्यंत, जसं पोरांना शिकवतो तसं. शेवटी ते उजवं हाड. त्या गाठीवरून अंगठा फिरवला. जिवंतपणी बाबांच्या खांद्यावर मी कधी हात ठेवला नाही. मोडला कसा, कधी, दुखायचा का — काहीच विचारलं नाही. मोठ्याने म्हटलं, बाबा, चुकलो. सही द्यायला हवी होती. आणि मग लहान पोरासारखा रडलो.

फिल्मही सोबत ठेवणार होतो. काचेवरून ओढून काढली तर पट्ट्या फाटून आल्या. ही म्हणाली, "एवढं तरी घरात ठेवा." मग आज हिलाही सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, "तरीच!"

२४ मार्च

ट्रक येऊन गेला. अडतीस पेट्या. नऊ — मोडकी. बावीस — हरवली. तेवीस वर्षांत एकही हरवली नव्हती! त्या मुलीवर असा राग आला की विचारू नका.

खोली रिकामी. फळ्यांवर पेट्यांच्या जागी धुळीचे चौकोन.

२५ मार्च

कामावर गेलो. काम नाही. घरी आलो.

२६ मार्च

दुपारी दारात डावी-उजवी. बावीस नंबर कवटाळून, घामाघूम. "काका, रागावू नका. आजीला दाखवायची होती, मी काय शिकले ते." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या फिल्मवर गेली. उचलून उजेडाकडे धरली आणि उलटली.

"उलटी ठेवलीत ही, काका. हा बघा कोपऱ्यात 'एल', आता सरळ दिसतोय. डावं आहे हे."

पंचवीस वर्षं तो कोपरा मी लावलेल्या पट्टीखाली होता. आणि या खेपेला तिने स्वतःचे हात बघितले नाहीत.

बावीस नंबर उघडली. डावं हाड काढलं, फिल्मवर ठेवलं. गाठीवर गाठ बसली.

बाबांचा उजवा खांदा धड होता. म्हणून पिशवी उजवीकडे. हट्टीपणा नव्हताच तो. भिंतीलगत कुणाला ठेवलं, मला माहीत नाही. संध्याकाळी जाऊन त्यांची माफी मागितली.

मुलीला म्हटलं, पेटी ने, पुढे लागेल. ती म्हणाली, "पण कॉलेज तर बंद झालं. परत कुठे आणू?"

म्हटलं, इथेच.