इग्निटरच खराब!

१९ जानेवारी
लोणी देवकरला आमच्या कंपनीच्या जुन्या शेडवरून उतरवलेला मेटल हॅलाइड फ्लडलाइट साहेबांना विचारून आणला. सासुरवाडीला, निमगाव केतकीत, कबड्डीच्या मैदानावर बसवणार. २६ ला उद्घाटन. बटण सासरे दादासाहेब दाबणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ‘मनिषाचे मालक’ म्हणून ओळख करून देतात. एकदा तरी चारचौघांत ‘आमचे जावई’ म्हणावं, एवढंच.

मनिषा म्हणाली, एलईडी घ्या, बटण दाबलं की लागतो. समजावलं तिला: चोक, इग्निटर, हाय व्होल्टेजचा झटका, मग आतला गॅस पेटतो. ती मध्येच भाकरी उलटायला उठून गेली.

संकल्प: २६ पर्यंत चिडचिड बंद.

२१ जानेवारी, संध्याकाळ
खांबावर चढवला. पहिल्याच झटक्यात लागला! आधी मिणमिणता, मग हळूहळू लख्ख. तेवढ्यात दादासाहेब आले. त्यांना पहिल्यापासून दिसावं म्हणून बंद करून परत चालू केला. लागेना. नुसतं चर्र चर्र. “चालायचंच, पाव्हणं,” म्हणाले आणि गेले. चालायचंच काय! इग्निटर खराब. घरी जाऊन दुसरा आणला, शिडी लावून बदलला. लगेच लागला. निदान अचूक. बघायला मात्र कोणी नव्हतं.

२३ जानेवारी
तोच प्रकार. चांगला चालू होता, खात्री करावी म्हणून बंद करून चालू केला तर ढिम्म. मनिषा म्हणाली, तापलाय, गार होऊ द्या. दिवा आहे की दूध? परत इग्निटर बदलला. लागला. बारामतीच्या दुकानदाराला फोनवर झाप झाप झापलं. चिडचिड नव्हे, तांत्रिक चर्चा.

२५ जानेवारी
जेवण जात नाही. डोक्यात सारखं चर्र चर्र. इंदापूरहून भारीतला इग्निटर आणून ठेवला. उद्या काही झालं तरी दिव्याला हात लावायचा नाही.

२६ जानेवारी
हात लावला. फक्त टेस्टिंगला. दादासाहेबांनी बटण दाबायचं तर दिवा आधी बंद हवा, म्हणून माइकवर त्यांचं नाव पुकारल्यावर बंद केला. दादासाहेबांनी नारळ फोडला, बटण दाबलं. चर्र. परत दाबलं. चर्र. दोन्ही संघ अंधारात उभे. दादासाहेब माझ्याकडे बघेनात. फार लागलं मनाला.

भारीतला इग्निटर घरीच राहिलेला! गाडी काढून पळालो.

परत येतो तर मैदान लख्ख, सामना रंगात. मनिषाने जरा वेळ थांबून बटण दाबलं म्हणे. दादासाहेब हसत होते. मला हात करून बोलावलं, शेजारची खुर्चीही मोकळी ठेवलेली. गेलो असतो. पण आत तोच खराब इग्निटर! कधीही दगा देणार. सासऱ्यांच्या इज्जतीचा प्रश्न.

मी दिवा बंद केला.

नेमकी शेवटची चढाई चालू होती. अंधारात कोणी कोणाला धरलं यावरून जुंपली. मला शिडीवरून लोकांनीच उतरवलं, इग्निटर हातातच. उरलेला सामना ट्रॅक्टरच्या उजेडात.

२८ जानेवारी
भिगवणचा माणूस एलईडी बसवायला आला. शिडी डुगडुगत होती. अर्धं गाव जमलेलं. दादासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घाबरू नगा, तुमी चढा वर. शिडी आमचं जावई धरत्याल.”

धरली.