दोन झाकणांची दुर्बीण

सर, तुमची दुर्बीण आज माळ्यावरून खाली आली. मी नाही काढली, माझ्या लेकीनं काढली. दहावीची परीक्षा संपली, हाताला काम नाही, म्हणून तिनं घर उपसायला घेतलं होतं. काकूंनी जुन्या सतरंजीची शिवलेली ती लांबट पिशवी तिनं माझ्यासमोर धरली. "मम्मी, हे काय हाय? अन् तू मले कधी दाखवलं काऊन नाही?" मी विज्ञान शिकवणारी बाई, दर्यापुरात अर्धं गाव मला मॅडम म्हणतं, आणि मी पिशवी न उघडताच तिच्याकडे परत सरकवली. म्हटलं, मोडकी आहे, ठेव परत. धादांत खोटं. तिला काहीसुद्धा झालेलं नाही. पोरगी कॉलनीतल्या मैत्रिणीकडे गेली आणि मी तुम्हाला लिहायला बसले.

ही पिशवी खांद्याला अडकवून तुम्ही एसटीनं हिंडायचात. तिवसा म्हणा, अचलपूर म्हणा, कुठल्या शाळेनं नुसतं या म्हटलं की निघालेच. कंडक्टर हमखास विचारायचा, "मास्तर, बंदूक हाय काय?" आणि तुम्ही गंभीर चेहरा करून सांगायचात, "हाय ना. सूर्य मारायले चाललो." मी अकोल्याहून लग्न होऊन आलेली, शाळेत नवीन लागलेली, तुमच्याबरोबर यायला लागले. पहिल्याच दिवशी नळीच्या कडेनं एक डोळा मिटून सूर्य कुठे आहे ते बघायला गेले, तर तुम्ही सगळ्या पोट्ट्यांसमोर माझ्यावर खेकसलात, "ओ बाई! डोळे फुकटात भेटले काय? सूर्य डोळ्यानं नाही शोधत, सावलीनं शोधतात." मग नळी हळूहळू फिरवून दाखवलीत. जमिनीवरची तिची लांब सावली आखडत आखडत गोल, लहानशी झाली की समजायचं, सूर्य आत आला. मला इतका राग आला होता की परतीच्या बसमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र वाटेत शेंगदाणे घेऊन निम्मे माझ्या हातावर ठेवलेत आणि खिडकीबाहेर बघत बसलात.

सूर्याचं तेज अडवायला नळीच्या तोंडावर लावायची काळी फिल्म तुम्ही मागवली खरी, पण ती बसवायची कशात? तुमच्या घरी काकू भाकरी थापत होत्या, आणि तुम्ही त्यांच्या देखत फळीवरच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उचललंत. मधला पत्रा कापला, फिल्म चिकटवली, नळीवर दाबून बसवलं, अगदी मापाचं निघालं. काकू म्हणाल्या, "आता माह्या डब्यात मुंग्या गेल्या तं सूर्यालेच सांगजा निवडून द्यायले." हसून हसून आमची पुरेवाट झाली. तेव्हापासून त्या फिल्मला आपण झाकणच म्हणायला लागलो. धूळ जाऊ नये म्हणून दुर्बिणीला मुळातलं प्लास्टिकचं होतं, तेही झाकणच. दोघांना दोन नावं द्यावीत हे ना तुमच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं, भर दुपारी. मला चौथा महिना लागलेला. सासूबाईंनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "सूनबाई, ग्रहण पाळा लागते. दार-खिडकी लावून बसायचं, सुई-चाकूले हात नाही लावायचा." मी त्यांना सांगितलं, शाळेत हजेरी सक्तीची आहे, तिथेच खोली बंद करून बसेन. तुम्हाला खरं काय ते सांगितलं होतं. तुम्ही केवढे खूश झालात! "येऊ दे. तुह्या लेकरालेही दाखवू ग्रहण, त्याले कोण अडवते!"

मैदानात पोरांची रांग लागली आहे. घाईत प्लास्टिकचं झाकण काढायचं राहिलं आहे आणि त्याच्यावरूनच आपण फिल्मचं बसवलं आहे. तुम्ही वाकून डोळा लावता आणि तसेच वाकलेले म्हणता, "काही दिसून नाही राहिलं. झाकण काढ." तुम्हाला म्हणायचं आहे आतलं. आणि आपला नियम आहे की नळीच्या तोंडाला हात लावण्याआधी मोठ्यानं म्हणायचं, "डोळा काढा." मी म्हणत नाही. मी फिल्मचं झाकण ओढते आणि आतलं त्याला अडकून त्याच्यासकट बाहेर येतं. पापणी लवते ना लवते तोच तुम्ही मागे झालात. ओरडला नाहीत. "झाकण लाव. आधी झाकण लाव," एवढंच म्हणालात. दुखलंही नाही म्हणालात, कारण डोळा आतून जळतो तेव्हा दुखत नाही, हे मला नंतर कळलं. मग डाव्या डोळ्यानं सगळं तपासून तुम्ही एकेका वर्गाला तो कुरतडलेला सूर्य दाखवलात. मीही पाहिला. संध्याकाळी तुम्ही पेपर उघडलात आणि म्हणालात, उजव्या डोळ्याला शब्दाच्या मधलं अक्षर दिसून नाही राहिलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधला भाग गेला, आता येणार नाही.

मी रडत तुमच्या घरी आले होते. म्हटलं, उद्या सगळ्यांना सांगते, माझ्या हातानं झालं. तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर बसला होतात. इतकं चिडलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "चूप बस! सासूले काय सांगशील? चवथ्या महिन्यात ग्रहणात उभी होती म्हणून? तुले त्या घरात राहायचं हाय. मी सांगतो मीच काढलं म्हणून." आणि तसंच सांगितलंत, हेडमास्तरांना, पालकांना, चहाच्या टपरीवर. मी गप्प बसले. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण सर, तुमचं हिशेबात चुकलं. तुमच्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. "मास्तर अशी चूक करते काय? गावोगाव दुर्बीण घेऊन फिरणारा माणूस! ग्रहणानंच घेतला डोळा त्याचा." नवी आलेली, धांदरट पोरगी चुकली असं मी म्हटलं असतं, तर लोकांनी डोळे झाकून मानलं असतं. झाकणाचा दोष झाकणाला गेला असता. पुढच्या ग्रहणाला शाळेला सुट्टी दिली. तुम्ही एकटेच अंगणात दुर्बीण मांडून बसलात आणि एकही पोट्टं फिरकलं नाही. तुम्ही गेलात ते हृदयानं, तरी तेराव्याला आलेले लोक ग्रहणाचंच बोलत होते. मी पंगतीत वाढत होते, सगळं ऐकत होते.

त्याहून वाईट माझ्या घरात झालं. लेक झाली, गोरीगोमटी, धडधाकट, हुशार. सासूबाई गल्लीत दिवस गेलेल्या प्रत्येक बाईला माझ्या पोरीकडे बोट दाखवून सांगतात, "पाह्य, माह्या सुनेनं ग्रहण कडक पाळलं होतं, म्हणून नात अशी सोन्यासारखी निंघाली." तुमच्या बाजूचा एवढा मोठा पुरावा माझ्या घरात वाढतो आहे, आणि तो तुमच्याच विरुद्ध वापरला जातो आहे. मी तिथेच उभी राहून चहा गाळते. मागच्या आठवड्यात शेजारची सून आली होती, पाचवा महिना आहे तिला. हळूच मला म्हणाली, "मॅडम, तुमी तं सायन्सवाल्या. खरंच पाळा लागते काय?" सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. मी म्हटलं, मोठ्या माणसांचं ऐकलेलं बरं. किती नालायक असावं माणसानं!

हे पत्र कुठे टाकायचं? काकूही आता नाहीत. लेकीला वाचायला द्यावं असं दुपारभर वाटत होतं. पण तिला दिलं तर शेवटचंही सांगावं लागेल, आणि ते मी तुम्हालाही कधी सांगितलं नाही. सासूच्या भीतीनं गप्प राहिले असं मी मनाशी म्हणत आले, ते अर्धंच खरं आहे. ग्रहणात बाहेर पडलेल्या बाईचं लेकरू फाटक्या ओठाचं होतं, असं आमच्याकडे म्हणतात. तुमचा डोळा गेल्यापासून रोज रात्री मला तेच दिसायचं. दवाखान्यात नर्सनं बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा मुलगा की मुलगी, हे मी विचारलं नाही. मी टॉवेल बाजूला केला आणि बोटानं आधी तिचा वरचा ओठ चाचपून पाहिला.